वर काळी, खाली वाळू : अमेरिकी प्रेअरीतील डिकिन्सन माती

डिकिन्सन ही अमेरिकेच्या आयोवा, इलिनॉय, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या राज्यांतल्या गवताळ पट्ट्यातली, चांगल्या निचऱ्याची रेताड माती आहे. नांगरलेले शेत दुरून पाहिले तर मक्यासाठी जगभर नावाजलेल्या भारी प्रेअरी जमिनीहून ते वेगळे वाटत नाही. वरचा ४० ते ४५ सेंटिमीटरचा थर तसाच गडद, जवळजवळ काळा असतो. फरक कळतो तो माती हातात घेतल्यावर. ओलसर मातीचा लाडू वळतो, पण अंगठा आणि तर्जनीत दाबून तिची पट्टी काढू गेल्यास ती दोन सेंटिमीटरच्या आतच तुटते आणि बोटांना खर लागते. मृदाशास्त्रज्ञ या पोताला बारीक वालुकामय पोयटा म्हणतात. साधारण पाऊण मीटरपर्यंत हाच पोत टिकतो. रंग मात्र काळ्यावरून तपकिरी, मग पिवळसर तपकिरी होत जातो. त्याखाली चिकणमाती जवळजवळ संपते आणि मोकळी वाळू लागते.

ही वाळू हिमयुगाची देणगी आहे. उत्तरेकडच्या हिमनद्या वितळू लागल्या तेव्हा त्यांच्या पाण्याने नद्यांच्या पात्रांत आणि काठांवर वाळूचे प्रचंड थर टाकले. पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली वाळू वायव्येच्या वाऱ्यांनी उचलली आणि नद्यांच्या पूर्वेला व आग्नेयेला पसरवली. त्यामुळे डिकिन्सनचे पट्टे नदीकाठच्या उंच पायऱ्यांवर आणि दऱ्यांच्या कडेच्या टेकाडांवर सापडतात, तर थोडे दूर गेले की वाऱ्यानेच आणलेल्या लोएस या बारीक गाळाची भारी जमीन सुरू होते. एकाच शेताच्या दोन टोकांना दोन्ही असू शकतात. जुलैच्या कोरड्या आठवड्यात मक्याची पाने वळायला लागतात, तेव्हा ही सीमा उभ्या पिकातच दिसते.

काळा रंग मात्र वाळूचा नव्हे, गवताचा. ब्ल्यूस्टेमसारख्या बहुवर्षायू गवतांची मुळे दर वर्षी काही प्रमाणात मरतात आणि जमिनीतच कुजतात. हजारो वर्षे असे साठलेले सेंद्रिय द्रव्य वाळूच्या कणांवर पातळ लेप बनून राहिले. महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीशी या रंगाचे नाते जोडू नये. तिथे बेसॉल्टपासून बनलेल्या, फुगणाऱ्या चिकणमातीचा भाग मोठा असतो, म्हणून ती उन्हाळ्यात भेगाळते. डिकिन्सनला भेगा पडत नाहीत. गवत टिकले ते आगीमुळे. विजेने लागलेल्या आणि मूळ रहिवाशांनी लावलेल्या वणव्यांनी ओकची झाडे रोखून धरली. जिथे आग पोचली नाही तिथे झाडे वाढली, आणि अशा रानाखालच्या वाळूवर फिकट, पातळ थराची माती तयार झाली.

डिकिन्सनची शेतीची सारी कहाणी तिच्या पोकळ्यांत आहे. मोठ्या कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी चटकन उतरते. संपृक्त अवस्थेत वरच्या थरातून तासाला अंदाजे ५ ते १५ सेंटिमीटर, आणि खालच्या वाळूतून त्याहून जलद. म्हणून जोरदार पावसानंतरही शेतात पाणी साचत नाही आणि वाफसा लवकर येतो. शेजारच्या भारी जमिनीत ट्रॅक्टर रुतत असताना इथे पेरणी चालू असते. पाणी कमी धरल्यामुळे ही माती वसंतात लवकर तापतेही. प्रेअरीची चिकट माती जुन्या ओतीव लोखंडी नांगराला चिकटून बसत असे, आणि त्यावर तोडगा म्हणून जॉन डिअर या लोहाराने १८३७ मध्ये इलिनॉयमध्ये गुळगुळीत पोलादी नांगर घडवला. रेताड जमिनीवर ही अडचण फारशी नव्हती. इथे फाळ चिकटत नाही, झिजतो.

तीच पोकळी उन्हाळ्यात उलटते. एक मीटर खोल लोएसची जमीन पिकाला घेता येईल असे सुमारे २०० मिलिमीटर पाणी धरते. डिकिन्सन धरते साधारण १०० ते १२०. यातले निम्मे संपले की पिकाला ताण बसू लागतो असे धरतात. तुरे येण्याच्या सुमारास मका दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी पितो. हिशेब सोपा आहे : भारी जमिनीत दोन आठवडे निभावते, डिकिन्सनमध्ये आठ-नऊ दिवस. या भागात वर्षाला ८०० ते ९५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा पिकाच्या हंगामातच येतो, त्यामुळे बहुतेक वर्षी मका आणि सोयाबीन पदरात पडते. पण सरासरी पावसाने पीक पिकत नाही, वेळेवरच्या पावसाने पिकते.

डिकिन्सनची आणखी रेताड बहीण म्हणजे स्पार्टा माती. तिच्यात वरपासूनच दुमट वाळू असते, निचरा गरजेपेक्षा जास्त. सिंचनाशिवायच्या जमिनींच्या शेतीयोग्यतेच्या वर्गवारीत (पहिला वर्ग सर्वांत चांगला) ती सहसा चौथ्या वर्गात मोडते. आयोवातल्या मस्कटीन बेटावरची खरबुजे आणि कलिंगडे अशाच वाळूवर नाव कमावून आहेत. इलिनॉयच्या मेसन काउंटीत याच प्रकारच्या जमिनीवर पॉपकॉर्नचा मका, घेवडा, बटाटा आणि कलिंगड होते. हे चित्र पाण्याने घडवले. फ्रँक झायबॅक यांनी मध्यबिंदूभोवती फिरणाऱ्या तुषार यंत्राचे पेटंट १९५२ मध्ये मिळवले. पुढच्या दशकांत ही यंत्रे वाळूच्या जमिनींवर पसरली, कारण वाळूखालीच भूजल मुबलक होते. इथे सिंचनाची रीत भारी जमिनीच्या उलट आहे : एका वेळी २०-२५ मिलिमीटर, पण पुन्हा पुन्हा. जास्त दिले तर ते मुळांना टाळून खाली जाते.

खाली जाताना ते नत्र घेऊन जाते. चिकणमाती आणि सेंद्रिय द्रव्य कमी म्हणून या मातीची अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची ताकदही कमी. नायट्रेट, गंधक आणि बोरॉन पाण्याबरोबर धुऊन जातात, पालाशही टिकत नाही. पेरणीच्या वेळीच सगळे नत्र देणे म्हणजे निम्मी रक्कम जमिनीखाली पुरणे. म्हणून ते तीन-चार हप्त्यांत देतात. अमोनियायुक्त खतांनी सामूही लवकर खाली येतो, मात्र तो वर आणायला चुनाही भारी जमिनीपेक्षा कमी लागतो. धुऊन गेलेल्या नायट्रेटचा हिशेब शेजारच्या विहिरीत निघतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नत्राची कमाल मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, आणि विस्कॉन्सिनच्या मध्यवर्ती वाळू पट्ट्यात अनेक खासगी विहिरी ती ओलांडतात. त्या पट्ट्यातली माती बहुतांशी गवताखालची नसून झाडांखालची, पण वाळू आणि बटाट्याची शेती तीच. तिथे उपशाचाही प्रश्न पेटला. लिट्ल प्लोव्हर या ट्राउट माशांच्या नदीचे काही भाग २००५ पासून उन्हाळ्यांत कोरडे पडले. २०२१ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की मोठ्या उपशाच्या विहिरींना परवाना देताना सरकारी खात्याला त्यांचा एकत्रित परिणाम विचारात घेता येतो.

पाण्याइतकाच वारा घातक. अर्धा मिलिमीटरपर्यंतचे कण वाऱ्याने उड्या मारत सरकतात, बहुतेक गुडघ्याच्या खालून. कोवळ्या सोयाबीनच्या आणि भाज्यांच्या रोपांची कातडी ते खरवडून काढतात. उरलेली माती प्रत्येक वादळागणिक थोडी अधिक जाड कणांची आणि कमी कसाची होते, कारण उडून जाते ते नेमके बारीक गाळ आणि सेंद्रिय द्रव्य. एकोणिसशे तीसच्या दशकातल्या धुळीच्या वर्षांनंतर वाळूच्या प्रदेशांत झाडांचे पट्टे लावले गेले. फिरत्या तुषार यंत्राच्या आड येतात म्हणून पुढे त्यांतले बरेच तोडले गेले, ही अदूरदृष्टीच म्हणावी लागेल.

आता भर आहे तो जमीन उघडी न ठेवण्यावर. पीक काढल्यावर राय (गव्हासारखे तृणधान्य) पेरतात. ती थंडीत तग धरते, उरलेले नत्र उचलते आणि वसंतातल्या वाऱ्यापर्यंत माती धरून ठेवते. बटाट्यानंतर सप्टेंबरमध्ये हे सहज जमते. मका मात्र ऑक्टोबरात, कधी त्याहूनही उशिरा निघतो. तेव्हा राय नीट वाढायला पुरेशी ऊब उरत नाही, म्हणून काही शेतकरी उभ्या मक्यातच वरून बी फेकतात. रेताड जमिनीचा वरचा थर लवकर वाळतो. बी पडल्यावर आठवड्यात पाऊस झाला तरच ते रुजते.