खेळ-नियंत्रकाच्या कळा : संज्ञा आणि स्थान

महाडच्या रहिवाशास पोलादपूर हे आग्नेयेकडील गाव होय. महाबळेश्वरच्या रहिवाशास तेच गाव पश्चिमेकडील ठरते. 'पोलादपूर' ही संज्ञा मात्र दोघांस समान आहे. ती गाव ओळखविते, परंतु त्याचे स्थान सांगत नाही. संज्ञा व स्थाननिर्देश हे नामकरणाचे दोन भिन्न प्रकार आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण लिनक्स-संगणकास जोडलेल्या खेळ-नियंत्रकात आढळते.

नियंत्रकावर उजव्या अंगठ्याखाली चार दिशांस चार कळा असतात. मायक्रोसॉफ्टच्या नियंत्रकावर खालची कळ 'ए' व उजवी 'बी' असते. निन्टेन्डोच्या नियंत्रकावर नेमके उलट. सोनीने तर अक्षरे सोडून फुली, वर्तुळ, चौकोन व त्रिकोण ही चिन्हे योजिली. अर्थात चिन्ह व स्थान यांचा संबंध, सोस्यूरच्या परिभाषेत, यादृच्छिक होय.

लिनक्सचा कर्नल प्रत्येक कळेस एक क्रमांक देतो. २०१३ साली ठरलेल्या संकेतानुसार ही नावे दिशांवरून देण्यात आली : दक्षिण ३०४, पूर्व ३०५, उत्तर ३०७ व पश्चिम ३०८. परंतु त्याच क्रमांकांना 'ए', 'बी', 'एक्स', 'वाय' ही जुनी नावेही चिकटलेली राहिली आणि त्यांत 'एक्स' हे 'उत्तर' याचे पर्यायनाम ठरले. मायक्रोसॉफ्टच्या नियंत्रकावर 'एक्स' ही कळ पश्चिमेस असते; तथापि तिचा ड्रायव्हर अक्षरास अनुसरून ३०७, म्हणजे 'उत्तर', असे कळवितो. सोनीचा ड्रायव्हर स्थानास अनुसरून त्याच जागेवरील चौकोनास ३०८ कळवितो. एकच स्थान, दोन क्रमांक! खेळाडूस नियंत्रक बिघडला असे वाटते आणि धडधाकट वस्तू अडगळीत पडते. वस्तुतः बिघाड नामकरणात असतो.

म्हणून दोषाचा शोध क्रमाने घ्यावा. 'इव्हटेस्ट' ही आज्ञा देऊन कळा दाबल्या असता क्रमांक उमटतात काय, हे प्रथम पाहावे. मुळीच न उमटल्यास ड्रायव्हर तपासावा. सोनीने स्वतः लिहिलेला ड्रायव्हर कर्नलच्या ५.१२ या आवृत्तीपासून (२०२१) आणि निन्टेन्डोच्या नियंत्रकांसाठीचा ५.१६ पासून (२०२२) समाविष्ट आहे. क्रमांक केवळ प्रशासकास दिसत असल्यास परवानगीचा प्रश्न असतो व तो 'यूडेव्ह'च्या नियमाने सुटतो. क्रमांक उमटूनही खेळात भलतीच क्रिया घडल्यास दोष संकेतांच्या जुळणीत आहे, असे समजावे.

ही जुळणी 'एसडीएल' या संग्रहातील सूचीत केलेली असते. यंत्राच्या ओळख-क्रमांकावरून ती सूची कोणता क्रमांक कोणत्या स्थानाचा, हे ठरविते. म्हणजे ती एक प्रकारचा द्विभाषिक कोशच होय. तो दुरुस्त केल्यास त्यावर विसंबणारे सर्व खेळ सुधारतात. एखाद्या खेळातच कळा बदलल्यास तेवढाच खेळ सुधारतो. भाषांतरातील चूक कोशात दुरुस्त करावी, प्रत्येक वाक्यात नव्हे, हे तत्त्व येथेही लागू पडते.