काशीनरेशांची इंग्लिश विहीर

इंग्लंडच्या ग्रामीण भागात जाणारा आपला पर्यटक बहुधा स्टोनहेंजचे दगड पाहून, गर्दीत फोटो काढून परततो. ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोक रो या लहानशा गावाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. थेम्सकाठच्या हेन्लीपासून हे गाव पश्चिमेला पाचएक मैलांवर आहे. तिथे रस्त्याच्या कडेला, लोखंडी खांबांवर तोललेल्या घुमटाखाली एक विहीर आहे. रहाटावर सोनेरी हत्ती उभा आहे. ही विहीर काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी स्वखर्चाने खोदून दिली.

इथल्या चिल्टर्नच्या टेकड्या खडूच्या दगडाच्या. पाऊस पडतो, पण पाणी थेट खोल मुरते. हिरव्यागार मुलखात पाण्याचा दुष्काळ, हे कोकणातल्या माणसाला वेगळे समजवावे लागणार नाही. याच भागातले एडवर्ड रीड हिंदुस्थानात कंपनीचे अधिकारी होते. 1831 मध्ये त्यांनी आझमगढ भागात विहीर खोदवली होती. घरातले शेवटचे पाणी प्यायला म्हणून आपल्या गावाकडच्या एका पोराला मार बसल्याची हकीकत त्यांनी महाराजांना सांगितली, असे म्हणतात. महाराजांनी ती लक्षात ठेवली. 1857 च्या धामधुमीनंतर, राज्यकर्त्यांच्या देशात रयतेसाठी पाणी काढायला एका हिंदी राजाने पैसे दिले! यात राजनिष्ठेचे प्रदर्शन नव्हतेच असे नाही. उद्घाटनही 24 मे 1864 ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी झाले. पण पाणी खरे होते. सत्तरहून अधिक वर्षे गावाने ते वापरले.

घुमट देखणा असला तरी बनारसच्या कारागिरीशी त्याची तुलना करू नये. थक्क करते ती खोली: 368 फूट. कुतुबमिनार आत उभा केला, तरी वर सव्वाशे फूट जागा उरेल. व्यास अवघा चार फूट, आणि सगळे खोदकाम हाताने. एवढ्या अरुंद जागेत वाकून, डोक्यावर आकाशाचा ठिपका ठेवून घाव घालणाऱ्या माणसांचा विचार मनातून जात नाही. भरलेला पोहरा वर यायला दहाएक मिनिटे लागत.

शेजारी महाराजांच्या नावाची ‘ईश्री बाग’ आहे. तिथल्या चेरी विकून विहिरीची देखभाल व्हावी, अशी योजना होती. राखणदाराची अष्टकोनी झोपडीही टिकून आहे. 1964 मध्ये शताब्दीला प्रिन्स फिलिप आले, तेव्हा गंगाजल इथल्या पाण्यात मिसळले गेले.

दानाचा हा ओघ पुढेही चालला. वर्षभरातच जवळच्या इप्सडेनला दुसऱ्या एका हिंदी राजाची विहीर झाली. मुंबईकरांना हेवा वाटायचे कारण नाही: लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये 1869 सालची पाणपोई आहे, ती आपल्या कावसजी जहांगीर रेडीमनींची. स्टोक रोपर्यंत जाण्याएवढी सवड नसेल, तर निदान तिथे तरी जावे.