गाडी एक, किल्ल्या दोन

आज आपण गाडीविषयी बोलणार आहोत. गाडी म्हणजे आपल्या दारात असते ती, मोटारसायकल किंवा स्कूटी.

बचत गटाच्या बैठकीत हल्ली दुसऱ्या गाडीसाठी कर्जाची मागणी होते. घरात मोटारसायकल असते, पण ती सकाळी दूध घालायला जाते, मग शेतावर, मग तालुक्याला. बाईला दवाखान्यात, बँकेत किंवा बाजाराला जायचं तर कुणीतरी सोडायला मोकळं असावं लागतं. मग वाटतं, आपली वेगळीच गाडी घ्यावी. ही गरज खरी आहे. पण अर्जावर सही करण्याआधी आम्ही एक प्रश्न विचारायला सांगतो. घरात गाडी कमी पडते, की असलेली गाडी आपल्या हाती येत नाही?

आधी हिशोब बघू. समजा, ८० हजारांचं कर्ज काढलं, व्याज घटत्या शिलकीवर वर्षाला १२ टक्के, मुदत ३ वर्षं. महिन्याचा हप्ता सुमारे २,६५७ रुपये बसतो. ३ वर्षांत साधारण ९५,६५० रुपये भरले जातात, म्हणजे व्याजच साडेपंधरा हजारांच्या वर. त्यावर विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी. पेट्रोल आपण फिरू तेवढंच लागतं, पण हप्ता आणि विमा गाडी छपरात उभी असली तरी भरावाच लागतो.

आता दुसरा हिशोब. आरोग्य केंद्र १० किलोमीटरवर आहे. नवरा सोडून परत आला आणि पुन्हा आणायला गेला, तर गाडी ४० किलोमीटर चालली. तुम्ही स्वतः गेलात आणि आलात, तर २० किलोमीटर. निम्मं पेट्रोल वाचलं आणि त्यांचं कामही मोडलं नाही. घरात विषय काढताना हा हिशोब आधी मांडा. “मला गाडी द्या” म्हणण्यापेक्षा तो लवकर पटतो.

मग एक गाडी दोघांना पुरवायची कशी? सात दिवस एका कागदावर लिहा: गाडी कुणी नेली, किती वाजता, कशासाठी, परत कधी आली. आठवड्याने कागद दोघांनी मिळून बघा. गाडी बांधावर किंवा पारावर किती तास नुसती उभी होती, ते कळेल. त्यातून वार ठरवा. गटाची बैठक, बाळाच्या लसीचा दिवस, बँकेचं काम यांना गाडी तुमची. डेअरीच्या फेरीतच दळण आणि औषधं उरकता येतात. शेवटी नेणाऱ्याने टाकीत पेट्रोल ठेवायचं, हा नियम दोघांना सारखा. नव्या गाडीबरोबर दोन किल्ल्या मिळतात. दुसरी कपाटात कुलूपबंद न ठेवता खिळ्याला लावा. प्रत्येक वेळी मागावी लागत असेल, तर गाडी दोघांची झाली असं म्हणता येणार नाही.

तालुक्याच्या कामाला एसटी आहेच. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. जिथे बस वेळेवर येते, तिथे गाडी घरी ठेवलेली परवडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, परवाना. विनापरवाना गाडी चालवली तर ५ हजार रुपये दंड आहे, आणि तशी चालवायला देणारा मालकही दोषी ठरतो. परवान्याचा अर्ज सारथी या सरकारी पोर्टलवर भरता येतो. जमत नसेल तर सेवा केंद्रात जा. १८ वर्षं पूर्ण हवीत. आधी शिकाऊ परवाना मिळतो, तो ६ महिने चालतो. ३० दिवसांनंतर आणि ही मुदत संपायच्या आत गाडी चालवून दाखवायची परीक्षा द्यायची. परिवहन कार्यालयाची शिबिरं तालुक्याच्या ठिकाणीही भरतात. एक गोष्ट ध्यानात ठेवा: बिनगियरच्या गाडीच्या परवान्यावर गियरची मोटारसायकल चालवता येत नाही. घरात मोटारसायकल असेल तर गियरचाच परवाना काढा. त्यावर स्कूटीही चालते. आणि जुनी गाडी बदलायची वेळ आली, तर दोघांनाही झेपेल अशीच घ्या.

विम्याचा कागदही काढून बघा. दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा सक्तीचा आहे. त्याच्याबरोबर १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, पण ते गाडी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडे परवाना आहे, त्या मालक-चालकासाठी. गाडी नवऱ्याच्या नावावर असेल आणि तुम्ही चालवताना पडलात, तर ती रक्कम तुम्हाला लागू होत नाही. विमा काढतानाच विचारा, “घरातल्या दुसऱ्या चालवणाऱ्याचं आणि मागे बसणाऱ्याचं काय?” शिवाय बँकेत खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्या. वर्षाला २० रुपये हप्ता, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये. गाडीच्या नोंदणीत वारसाचं नावही लावता येतं. ते लावलेलं असेल तर घरावर वाईट वेळ आल्यावर कार्यालयाच्या खेपा कमी होतात.

हेल्मेट चालवणाऱ्याला हवं तसंच मागे बसणाऱ्यालाही हवं. एका गाडीवर दोघंच. एक गाडी वाटून घ्यायची म्हणजे चौघांनी तिच्यावर बसायचं नव्हे.

दुसरी गाडी कधीच घेऊ नये, असं आमचं म्हणणं नाही. तुमची नोकरी एका दिशेला, त्यांची दुसऱ्या दिशेला, वेळ एकच आणि एसटीही नाही, तर गाडी लागणारच. टिफिन किंवा भाजी पोचवण्याच्या धंद्यात रोज पैसे येत असतील, तर त्यातून हप्ता आणि पेट्रोल निघून हातात काय उरतं ते मांडा. उरत असेल तर कर्ज जरूर घ्या, आणि ती गाडी स्वतःच्या नावावर घ्या.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा. तुला गाडी येते का? परवाना आहे का? दुसरी किल्ली कुठे असते? ज्यांचं पहिलं उत्तर “नाही” असेल, त्यांना गावातल्या मोकळ्या मैदानावर शिकवायला गटातलीच एखादी मैत्रीण पुढे येऊ द्या. ज्यांचं दुसरं उत्तर “नाही” असेल, त्यांनी मिळून एकाच दिवशी अर्ज भरा. हे सगळं झाल्यावर दुसऱ्या गाडीच्या कर्जाचा अर्ज पुन्हा वाचा. कदाचित तो पैसा शेळ्यांना, शिलाई मशीनला किंवा मुलीच्या फीला उपयोगी पडेल.