जुन्या पेट्रोल जीपची ठिणगी : बिघाड कसा शोधावा ?

ज्या वाचकांच्या दारीं जुनी पेट्रोल जीप आहे, त्यांस तिच्या दोन खोडी परिचयाच्या असतील. एक, सकाळीं किल्ली फिरविली असतां इंजिन नुसतें फिरतें, पण पेट घेत नाहीं. दुसरी, मलकापुराहून बुलढाण्यास येतांना राजूर घाटाच्या चढावर गाडी धापा टाकून उभी राहते. अशा वेळीं बहुधा पहिला दोष कार्ब्युरेटरास दिला जातो. तो उघडला जातो, त्याचे बारीक स्क्रू हलविले जातात, आणि मूळ बिघाड जागच्या जागीं राहून त्यांत दुसऱ्याची भर पडते. पैसा खर्च होतो, आणि घरची मंडळी घेऊन रात्रीं घाटांत अडकण्याची पाळी पुन्हां येतेच. म्हणून हा बिघाड क्रमानें कसा शोधावा, हें आम्ही येथें सांगत आहों.

इ. स. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईंत विलिस जीप जोडण्यास आरंभ केला. तिच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनांत ठिणगी पाडण्याची जी रीत आहे, ती अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग या यंत्रज्ञानें १९१० च्या सुमारास प्रचारांत आणिली. ती एकदां समजली म्हणजे कोणत्याही जुन्या पेट्रोल मोटारीस लागू पडते.

बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून जातो आणि डिस्ट्रीब्यूटरमधील पॉइंटांतून इंजिनाच्या लोखंडास मिळतो. पॉइंट उघडतांच हा प्रवाह एकदम तुटतो आणि कॉइलच्या बारीक तारेच्या वेढ्यांत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. तो मधल्या जाड तारेनें डिस्ट्रीब्यूटरच्या टोपींत येतो. तेथें फिरणारा रोटर तो पाळीपाळीनें चारही प्लगांस वाटून देतो. पॉइंटांशीं जोडलेला कंडेन्सर प्रवाह झटकन् तोडण्यास मदत करितो व पॉइंट जळूं देत नाहीं. इंजिन मिनिटास २,००० फेरे घेत असतां अशा ४,००० ठिणग्या पडाव्या लागतात. एवढ्या घाईच्या कामांत केसाएवढें अंतर चुकलें तरी परिणाम दिसतो, यांत नवल नाहीं.

आतां शोधाचा क्रम पाहूं. प्रथम दोष ठिणगीचा कीं पेट्रोलचा, हें ठरवावें. इंजिन थोडें फिरवून लगेच एक प्लग काढावा. तो पेट्रोलनें ओला असेल, तर पेट्रोल पोंचत आहे व बहुधा ठिणगी कमी आहे. अगदीं कोरडा असेल, तर पेट्रोलची वाट तपासावी. नंतर एक चांगला प्लग कॉइलच्या मधल्या तारेस लावून त्याचें अंग इंजिनाच्या स्वच्छ लोखंडास टेकवावें व दुसऱ्या माणसाकडून किल्ली फिरवावी. ठिणगी निळसर व कडकडीत पडली पाहिजे. हें करितांना प्लग हातांत धरूं नये, आणि कार्ब्युरेटर किंवा पेट्रोल पंप यांच्या जवळ हा प्रयोग मुळींच करूं नये. सांडलेलें पेट्रोल व ठिणगी एकत्र आलीं, तर गाडी जळण्यास क्षणही लागत नाहीं.

येथें ठिणगी चांगली असूनही प्लगांवर ती येत नसेल, तर दोष टोपी, रोटर किंवा प्लगांच्या तारा यांत आहे. टोपी उजेडांत धरून आंतून पाहावी. केसासारखी काळी रेघ दिसली, तर तेथून वीज पळते असें समजून टोपी बदलावी. पावसाळ्यांत कित्येकदां नुसती ओल हेंच कारण असतें. कोरड्या फडक्यानें टोपी व तारा पुसल्या कीं गाडी सुरू होते.

ठिणगी मुळींच नसेल, तर बॅटरीपासून आरंभ करावा. बॅटरीच्या टोकांवर साठलेली पांढरी-हिरवी बुरशी काढून पकडी घट्ट कराव्या. मग बॅटरीच्या व्होल्टाचा एक लहान दिवा घेऊन त्याचें एक टोक कॉइलच्या डिस्ट्रीब्यूटरकडील पेंचास व दुसरें लोखंडास लावावें. किल्ली चालू ठेवून इंजिन फिरविलें असतां दिवा लुकलुकला पाहिजे. तो सतत लागून राहिला, तर पॉइंट मिटत नाहींत किंवा त्यांवर मळ आहे. तो लागलाच नाहीं, तर कॉइलपर्यंत वीज येत नाहीं, कॉइलची आंतील तार तुटली आहे, किंवा पॉइंटांकडील तार अथवा कंडेन्सर लोखंडास चिकटला आहे. एक रुपयाचाही सुटा भाग विकत न घेतां एवढें ज्ञान होतें, हा या दिव्याचा गुण होय.

पॉइंट पूर्ण उघडे असतां त्यांतील अंतर या जीपमध्यें ०·०२० इंच, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर, आणि प्लगाचें ०·०३० इंच ठेवितात. पॉइंटांचा टेकू झिजत गेला कीं अंतर कमी होतें, ठिणगी उशिरां पडते, आणि गाडी सपाटीवर चालली तरी चढावर दम सोडते व तापते. घाटावरील पुष्कळशा तक्रारींचें मूळ हेंच असतें. पॉइंट घांसण्यास एमरी कागद वापरूं नये. त्याचे कण आंत रुततात. बारीक कानस वापरावी. नवे पॉइंटही थोड्याच दिवसांत जळूं लागले आणि ठिणगी पिवळट पडूं लागली, तर कंडेन्सर बदलावा.

उन्हाळ्यांत आणखी एक घोटाळा होतो. पूर्णाकांठच्या मे महिन्याच्या उन्हांत गाडी अर्धा तास चालून बंद पडते व निवली कीं पुन्हां सुरू होते. याचीं कारणें दोन असूं शकतात. एक, तापल्यावर कॉइल किंवा कंडेन्सर दगा देतो. दुसरें, नळींत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. गाडी बंद पडतांच, ती निवण्यापूर्वीं, वरील प्लगाचा प्रयोग करावा. ठिणगी नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सर दोषी. ठिणगी चांगली असेल तर पेट्रोल पंपावर व नळीवर ओलें फडकें ठेवावें. निवल्यावर केलेली परीक्षा व्यर्थ जाते, कारण तेव्हां सर्वच ठीक दिसतें. इंजिन बंद असतां किल्ली चालू ठेवूं नये. पॉइंट मिटलेले असल्यास कॉइल तापून बिघडते. मुलें गाडींत खेळतात अशा घरीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

तारा काढण्यापूर्वीं प्रत्येकीवर खूण करावी. या इंजिनाचा क्रम १-३-४-२ असा आहे. दोन तारांची अदलाबदल झाली, तर ज्वाला उलट कार्ब्युरेटरांतून बाहेर येऊं शकते.

हें सर्व ठीक असेल तरच कार्ब्युरेटरास हात लावावा. सध्यां मिळणाऱ्या पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें पाणी शोषून घेतें व जुन्या रबरी नळ्या खराब करितें. म्हणून गाडी महिनोनमहिने भरल्या टाकीनें उभी ठेवूं नये, आणि मऊ पडलेल्या किंवा चिरलेल्या नळ्या वेळींच बदलाव्या.

गाडींत पॉइंटांचा एक जोड, एक कंडेन्सर, एक प्लग, एक दिवा, अंतर मोजण्याची पट्टी व कोरडें फडकें इतकें सामान ठेवावें. मृगापूर्वीं एकदां व कापूस वेचणीस लागण्यापूर्वीं एकदां वरील परीक्षा घरच्या अंगणांत करून पाहावी. कारागिराकडे जावें लागलेंच, तर "गाडी चालत नाहीं" एवढेंच न सांगतां "कॉइलवर ठिणगी आहे, प्लगावर नाहीं" असें सांगतां यावें. त्यानें कारागिराचा वेळ वांचतो आणि मालकाचा पैसाही.