मलावीची तंबाखू का सुटत नाही?

आफ्रिकेतल्या मलावीच्या निर्यात उत्पन्नात तंबाखूचा वाटा अनेक वर्षे निम्म्याच्या आसपास राहिला. तेवढ्यावरून हे पीक शेतकऱ्याला तारते म्हणणे घाईचे ठरेल. त्याला नफ्यापेक्षा उधारी बांधून ठेवते. बर्ली या जातीची तंबाखू पिकवण्याची मुभा लहान शेतकऱ्यांना मिळाली ती १९९०च्या दशकात. त्याआधी ती मोठ्या मळ्यांची मिरासदारी होती. आता करारशेतीत कंपनी बी-खत उधारीवर देते, विक्रीच्या वेळी ती रक्कम कापून घेते. घरच्यांच्या राबण्याची मजुरी (पोरांचीसुद्धा) हिशेबात धरलीच जात नाही. मग शेतकरी भुईमूग, सोयाबीन का लावत नाही? लावतोही, पण त्या पिकांना ठरलेले गिऱ्हाईक आणि पेरणीआधीची उचल सहसा मिळत नाही.