अडगळीतलं वाद्य आणि वांदाबाई

आज आपण एका परदेशी बाईंची आणि त्यांच्या वाद्याची गोष्ट ऐकणार आहोत. बाईंचं नाव वांदा लांदोव्स्का. वाद्याचं नाव हार्पसिकॉर्ड.

आधी वाद्य कसं असतं ते बघू. भजनातली पेटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. हार्पसिकॉर्डलाही तशाच पट्ट्या असतात, पण आत भाता नसतो, तारा असतात. पट्टी दाबली की आतली एक लाकडी कांडी वर उचलली जाते. तिला पक्ष्याच्या पिसाच्या देठाचा बारीक तुकडा बसवलेला असतो, कधी कधी तर कावळ्याच्याच पिसाचा. तो तुकडा तार छेडतो. तुणतुण्याची तार छेडतात ना, तसंच. मात्र पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज जवळपास तेवढाच येतो.

1700 च्या सुमारास इटलीत पियानो तयार झाला. त्यात तारेवर हातोडी पडते, त्यामुळं आवाज लहान-मोठा करता येतो. पुढच्या शंभरेक वर्षांत लोकांनी पियानो घरात आणला आणि हार्पसिकॉर्ड अडगळीत गेलं.

त्याचबरोबर ते वाजवायची रीतही गेली. बाख हे जर्मनीतले मोठे संगीतकार 1750 मध्ये वारले. त्यांच्या रचना कागदावर उरल्या, पण कुठं सूर घोळवायचा, कुठं जरा थांबायचं, हे सगळं कागदावर नसतं. आपल्याकडं जात्यावरची ओवी आजीकडून आईकडं आणि आईकडून लेकीकडं आली. तिथं ही साखळीच तुटली होती. बाख वाजवायचे ते पियानोवरच, असं सगळे धरून चालले होते.

वांदाबाईंचा जन्म 1879 चा, पोलंडमधल्या वॉर्सा शहरातला. त्या पियानो शिकल्या आणि उत्तम वाजवायच्या. 1900 मध्ये त्या पॅरिसला आल्या. पती आंरी लेव यांच्या मदतीनं त्यांनी ग्रंथालयांतली जुनी पुस्तकं वाचली, संग्रहालयांतली जुनी वाद्यं पाहिली. 1903 मध्ये त्यांनी लोकांसमोर पहिल्यांदा हार्पसिकॉर्ड वाजवलं. चांगला पियानो येतो, मग हे कशाला, असं सांगणारे भेटलेच. त्या वाजवत राहिल्या. रशियात टॉलस्टॉय यांच्या घरी जाऊन त्यांनाही वाजवून दाखवलं.

1912 मध्ये पॅरिसच्या प्लेयेल कंपनीनं त्यांच्या सांगण्याप्रमाणं एक मोठं हार्पसिकॉर्ड बनवलं. पुढच्या वर्षी बर्लिनच्या संगीत विद्यालयात त्या हे वाद्य शिकवू लागल्या. 1919 मध्ये मोटार अपघातात पती गेले. सहा वर्षांनी बाईंनी पॅरिसजवळच्या सां-लू-ला-फोरे गावी स्वतःची शाळा काढली. देशोदेशीचे विद्यार्थी तिथं येत. बाख यांची गोल्डबर्ग नावाची मोठी रचना आहे. एक मूळ चाल आणि तिची तीस रूपं. 1933 मध्ये बाईंनी ती हार्पसिकॉर्डवर वाजवली आणि तिची रेकॉर्डही निघाली.

आणि मग 1940 साल उजाडलं. हिटलरची फौज फ्रान्समध्ये शिरली. वांदाबाई जन्मानं ज्यू, राहणं म्हणजे मरण. शिष्या दनीज रेस्तू यांना बरोबर घेऊन त्या निघाल्या. मागं राहिलेली वाद्यं, हजारो पुस्तकं, हस्तलिखितं नाझींनी लुटून नेली. आयुष्यभर जमवलेलं सगळं वयाच्या एकसष्टाव्या वर्षी गेलं.

7 डिसेंबर 1941 ला, जपाननं पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले त्याच दिवशी, त्या न्यूयॉर्कला उतरल्या. फेब्रुवारी 1942 मध्ये तिथं त्यांचा कार्यक्रम झाला. वाजवलं काय, तर तीच गोल्डबर्ग. पुढं बाख यांच्या अठ्ठेचाळीस जोडरचनांचं ध्वनिमुद्रण त्यांनी हाती घेतलं, ते 1954 मध्ये संपलं. तेव्हा बाई पंचाहत्तरीच्या होत्या. 1959 मध्ये अमेरिकेतच त्या वारल्या.

आजचे जाणकार त्यांच्यात एक दोष काढतात. प्लेयेलचं ते वाद्य लोखंडी सांगाड्याचं होतं, जुन्या लाकडी वाद्यापेक्षा पियानोच्याच जवळचं. हे खरं आहे. नंतरच्या कारागिरांनी जुन्या वाद्यांची मापं घेऊन हुबेहूब तशी वाद्यं केली आणि त्यांचा आवाज जास्त हलका, जास्त खरा आहे. पण ती मापं घ्यावीत असं कुणाला वाटलं, त्यात वांदाबाईंचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं.

त्यांची ध्वनिमुद्रणं आजही ऐकायला मिळतात. 1940 मध्ये पॅरिसला त्यांनी स्कार्लाती या इटालियन संगीतकाराच्या रचना मुद्रित केल्या. त्यातली एक चालू असताना बाहेर विमानविरोधी तोफा सुटल्या. रेकॉर्डमध्ये तो धडधडाट ऐकू येतो. बाईंचा हात थांबलेला नाही.