डिसेंबरची गाडी जानेवारीत ‘मागच्या साली’ची! दुचाकीचं मॉडेल नेमकं कितीचं, हे कशावरून ठरतं?

शोरूमवाला म्हणतो, ‘नवीन मॉडेल आलंय, आत्ताच घ्या, डिसेंबरची ऑफर आहे.’ गावातला जाणकार म्हणतो, ‘थांब, जानेवारीत घे, साल बदलतं.’ दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त दोघांच्या बोलण्यातलं ‘मॉडेल’ वेगवेगळं आहे.

अमेरिकेत पुढच्या सालाचं मॉडेल आदल्या वर्षीच विकायला येतं. आपल्याकडे तसं नाही. आरसीवर लागतो तो गाडी तयार झाल्याचा महिना आणि वर्ष. शोरूममधलं ‘नवीन मॉडेल’ म्हणजे बऱ्याचदा नवा रंग, नवं स्टिकर आणि फार तर मीटर बदललेला.

खरा बदल होतो तो सरकारी नियमाच्या तारखेला, आणि ती बहुधा १ एप्रिल असते. बीएस-६ लागू झालं १ एप्रिल २०२० ला. त्या वेळी स्प्लेंडरसारख्या गाडीचा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, आणि गावातल्या मिस्त्रींना नव्याने शिकावं लागलं. त्याआधी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने २९ मार्चला निकाल दिला आणि १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री बंद केली. शेवटच्या दोन दिवसांत हजारो रुपयांची सूट मिळाली, शोरूमसमोर रांगा लागल्या. २०२० मध्ये मात्र बीएस-४ गाडी ३१ मार्चच्या आत नुसती विकून भागणार नव्हतं, नोंदणीही हवी होती. त्यात लॉकडाऊन आला नि डीलरांकडे साठा अडकला. म्हणून नियम बदलताना स्वस्त गाडी घेत असाल तर पासिंग कधी होणार, हे आधी विचारा.

दुसरा हंगाम सणांचा. पितृपक्षात गिऱ्हाईक फिरकत नाही, घटस्थापनेपासून गर्दी सुरू. सोयाबीनचे पैसेही त्याच सुमारास हातात येतात, म्हणून कंपन्या नवे रंग, नव्या आवृत्त्या दसरा-दिवाळीच्या आधीच आणतात. २०२५ मध्ये तर घटस्थापनेलाच, २२ सप्टेंबरला, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. थांबलेल्यांचं भलं झालं!

आता डिसेंबर की जानेवारी? जुन्या गाड्यांच्या बाजारात पहिला प्रश्न असतो, ‘कितीचं मॉडेल?’ डिसेंबरात तयार झालेली गाडी जानेवारीत महिन्याचीच असते, पण व्यापारी तिला मागच्या सालात धरून भाव पाडतो. तीन-चार वर्षांत गाडी बदलायची सवय असेल तर हा फटका बसतो. पण शेतावर, दूध घालायला, पोरांना शाळेत सोडायला दहा-बारा वर्षं तीच गाडी चालवायची असेल, तर साल विसरा आणि डिसेंबरची सूट घ्या. जानेवारीत कंपन्या अनेकदा किंमत वाढवतात, हेही धरा. साल जुनं म्हणून पासिंग लवकर संपेल अशी भीती काहींना असते, ती नको. खासगी दुचाकीची पंधरा वर्षं नोंदणीच्या तारखेपासून मोजतात.

खरी फसगत होते ती जानेवारी-फेब्रुवारीत. मागच्या सालातली, कधी कधी सात-आठ महिने गोदामात उभी असलेली गाडी नव्या सालाची म्हणून पूर्ण भावात गळ्यात मारली जाते. तिची बॅटरी उतरलेली असू शकते, टायर एका जागी उभं राहून खराब झालेले असू शकतात. अशी गाडी घेऊ नये असं नाही, पण मग घासाघीस करायचीच. सूट एक्स-शोरूम किमतीत मागा, सीट कव्हर आणि हेल्मेटवर बोळवण करून घेऊ नका.

डीलर देतो त्या विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, निर्मितीचा महिना-वर्ष लिहिलेला असतो. चेसिस नंबरातही सालाचं अक्षर असतं, पण त्याची जागा सगळ्या कंपन्यांची एक नसते, त्यामुळे फॉर्मच बघितलेला बरा. डाउन पेमेंट भरण्याआधी तो दाखवायला सांगा आणि त्यावरचा चेसिस नंबर हँडलच्या मानेजवळ ठोकलेल्या नंबराशी स्वतः जुळवून पाहा.